लिऑन्टीनचा रिकामा खण

१

शेवटची वीट निघाली तसा ओझेम गवंड्याने आत हात घातला, मग डोकं घातलं, आणि डोकं बाहेर काढल्यावर आधी टोपी काढून छातीशी धरली.

"आत कोणी नाही," तो म्हणाला.

"कोणी नाही म्हणजे?" लुसियँ ओरडला. "नीट बघ की! अंधार असेल आत."

"अंधार आहे साहेब, पण शवपेटी म्हणजे काही टाचणी नाही न दिसायला."

आमच्या न्यू ऑर्लिन्समध्ये हातभर खणलं की पाणी लागतं, म्हणून मेलेल्यांनाही आम्ही जमिनीच्या वरच ठेवतो, जाडजूड भिंतींमधल्या खणांत. वर्गणीतून सभासदांची दफनं करणाऱ्या आमच्या मंडळाच्या भिंतीत खालच्या ओळीतला हा खण लिऑन्टीन दुव्हर्नेचा. मिस टीन! जिला ऐकायला पॅरिसचे लोक थंडीत कुडकुडत रांगा लावायचे, ती आमच्या त्रेमे मोहल्ल्यातली मिस टीन. दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा घरात कोणी थांबलं नव्हतं, सगळे रस्त्यावर आले होते. आणि आज तिच्या नावाची शिळा उतरवून विटा फोडल्या, तर आत धूळ, कुजलेल्या लाकडाचा भुगा आणि कुणा जुन्या माणसाची चार हाडं.

लुसियँ तिचा भाचा. शिकागोत आत्याच्या नावाचं मोठं सभागृह होत होतं आणि अंगणातल्या संगमरवरी चौथऱ्यात तिला ठेवायचं घाटत होतं. पुरल्यापासून वर्ष आणि एक दिवस उलटल्याशिवाय खण उघडायचा नाही, हा आमच्याकडचा नियम, पण तो काळ केव्हाच सरला होता. निरोपाला बँडवाले आले होते. विटांच्या सांध्यांत नेच्याच्या मुळ्या इतक्या घट्ट शिरल्या होत्या की ओझेमची छिन्नी पुन्हा पुन्हा परतत होती, आणि ट्रम्पेटवाल्याने उन्हाला शिव्या घालून झाल्या होत्या. आता सगळे वाद्यं काखेत धरून उभे होते. उजवीकडच्या खणापाशी टीनचा म्हातारा पियानोवाला एव्हरिस्त लाबात घडीच्या खुर्चीवर बसला होता.

अनातोल गिशार गर्दीच्या मागे होता. पोलिसातून डिटेक्टिव्ह म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने परसात टोमॅटो लावले होते. बायको बर्नादेत गेल्यापासून घरी बोलायला तेवढेच होते, आणि ते बर्नादेतसारखे वाद घालत नसत, याचंच त्याला वाईट वाटायचं. मंडळाचा सभासद म्हणून तो आला होता. काळी टोपी घातलेल्या एका म्हातारीने त्याची बाही धरली. ती टीनची धाकटी बहीण, फिलोमेन.

"अनातोल, पोलीस येतील, लिहून घेतील आणि जातील. तू शोध तिला."

"मिस फिलोमेन, मी आता फक्त अळ्या शोधतो, पानांवरच्या."

"मस्करी करू नकोस. तिला न्यायच्या परवानगीवर मी सही केली आणि ती अशी नाहीशी झाली. माझी बहीण कुठे आहे हे कळल्याशिवाय मला मरताही येणार नाही."

तिने बाही सोडली नाही. अनातोलने हो म्हटलं.

२

पोलिसांनी एका दिवसात ठरवून टाकलं, चोरांनी पेटी पळवली. लुसियँने चोराचं नावही ठरवलं होतं.

"रूफस! दुसरं कोण?" हॉटेलच्या गच्चीत येरझारा घालत तो अनातोलला म्हणाला. "आत्याचा सोडलेला नवरा. अंत्ययात्रेत छाती बडवून ओरडत होता, टीन माझी आहे म्हणून. त्याला धरा."

"धरू. तू आत्याला शेवटचं कधी भेटला होतास?"

"माझ्याकडे तिच्या सगळ्या रेकॉर्डी आहेत."

"ते नाही विचारलं मी."

लुसियँने कॉफीचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "लहान होतो तेव्हा," तो म्हणाला. पोरगं वाईट नव्हतं. आत्या त्याने फक्त ऐकली होती, आणि ती जवळ असावी असं त्याला मनापासून वाटत होतं.

रूफस ड्रमवाला न्हाव्याच्या दुकानात सापडला. दाढी करायची नसली तरी तो तिथेच असे. नवरा म्हणून हा काही दागिना नव्हता, पण त्याच्या बोलण्यावर दुकान चालायचं.

"ये रे, कायद्याच्या बापा! मला न्यायला आलास ना?"

"रूफस, टीन कुठे आहे?"

"घ्या! लग्नात असतानाही लोक हेच विचारायचे. तेव्हाही मला माहीत नसायचं." दुकान हसलं. रूफसही हसला, पण त्याच्या बोटांनी खुर्चीच्या हातावर धरलेला ठेका चुकला. "जिवंत होती तेव्हा घरी चल म्हणून पाया पडलो, आली नाही. मेलेलीला नेऊन काय करू? शिवाय हे बघ माझे गुडघे. मला माझी पँट उचलवत नाही, पेटी काय उचलणार!"

"तिचं कोणाशी जमत नव्हतं?"

"सगळ्यांशी जमायचं, तीच तर पंचाईत. पण बाई कायम उशिरा. घरी उशिरा, चर्चला उशिरा, गाण्यात उशिरा. आम्ही सगळे तिच्या ओळीपाशी पोचलेले आणि ही उभी, ओठ मिटून. लोकांचा श्वास अडकला की मग सूर सोडायची. मला कुठला दम निघायला? मी काठ्या आपटून घाई करायचो. एव्हरिस्त तेवढा थांबायचा. तीस वर्षं त्या माणसाने दुसरं केलंय काय? तिच्यासाठी जागा सोडायची आणि थांबायचं."

अनातोल निघाला तेव्हा रूफसने त्याला दारापर्यंत सोडलं, आणि दुकानाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "सापडेल ना रे ती?"

३

सोमवार होता. फिलोमेनच्या घरी, साऱ्या गल्लीसारखाच, चुलीवर लाल राजमा शिजत होता. तिने अनातोलपुढे भाताची ताटली ठेवली, स्वतःला काही वाढून घेतलं नाही.

"मी चर्चमध्ये गाणारी," ती म्हणाली, "आणि ती दारूच्या गुत्त्यात. आईने तिचं नाव टाकलं आणि आईनंतर मी. एकदा ती दौऱ्यावरून परत आली, ताप होता अंगात. दारात उभी राहून म्हणाली, मेनी, आजची रात्र झोपू दे. मी म्हटलं, हॉटेलं आहेत की गावात."

"मग?"

"मग काय? गेली. पंचवीस वर्षं झाली. रस्त्यात दिसली तरी मी टोपी खाली ओढायची. भिंतीपाशी तर मी दफनानंतर खण उघडेपर्यंत फिरकलेच नाही. लुसियँने शिकागोचं विचारलं तेव्हा बरं वाटलं मला. तिचं नाव सारखं वाचायला नको."

अनातोल भात चिवडत राहिला. एकट्या माणसाच्या घरी जेवताना जे अवघडलेपण असतं ते त्याला चांगलं माहीत होतं. त्याने मुद्दाम कामाचं विचारलं.

"दफनाच्या दिवशीचं काही आठवतंय? पेटी कशी होती?"

"मोठी होती. अक्रोडाच्या लाकडाची, जाड पितळी कड्यांची. आत जाईचना. खांदेकऱ्यांनी जोर लावला तशी खणाच्या तोंडाशी खालची कडा फुटली, हा एवढा टवका उडाला. एकाच्या पायावर पडला. तो चक्क शिवी देऊन बसला, पाद्रीबाबांसमोर! टीन असती तर खो खो हसली असती."

अनातोलने चमचा ठेवला. तो जेवण अर्धवट टाकून उठला, हे फिलोमेनला आवडलं नाही. तो मात्र थेट दफनभूमीत गेला आणि उघड्या खणापुढे गुडघे टेकून बसला. खालच्या कडेवरून त्याने बोट फिरवलं. कडा अखंड होती, वर जुन्या शेवाळाचा थर होता. मग त्याने ओझेमने बाजूला रचलेल्या विटा पाहिल्या. दोन वर्षांच्या चुन्यात नेच्याची मुळं एवढी खोल कशी जातील? या विटा कित्येक वर्षांत कोणी हलवल्या नव्हत्या.

चोरी झालीच नव्हती. लिऑन्टीन या खणात कधी नव्हतीच.

४

"शिळा?" ओझेम म्हणाला. "शिळा तर सगळ्या उतरवतो मी. सर्व संतांच्या सणाआधी, ऑक्टोबर संपता संपता. खाली घ्यायच्या, घासायच्या, भिंतीला चुना मारायचा, परत बसवायच्या."

"कोणती कुठे ते कसं कळतं?"

"ज्या खणाखाली टेकवलेली असेल तिथली. त्यात काय कळायचंय? नावं वाचत बसलो तर नाताळ उजाडेल. सगळं गाव तिथे असतं, कोणी फुलं लावतंय, कोणी सांगतंय आमची जरा चकचकीत कर."

"गेल्या सणाला तुझ्याशी कोण बोललं? काम थांबवायला लावलं कोणी?"

"सगळेच डोकं खातात. कोणी गंबोचं कालवण आणतं, कोणी केक. जेवायला मी पलीकडच्या झाडाखाली जातो." ओझेमने जरा विचार केला. "तुम्ही आता माझी चूक म्हणणार."

"नाही म्हणणार."

शिकागोचा बेत त्या सणाच्या आदल्या उन्हाळ्यातच गावभर झाला होता. तेव्हा सणाच्या गडबडीत कोणीतरी टीनची शिळा उचलून दुसऱ्या खणाखाली टेकवली होती आणि तिथली तिच्या खणाखाली. पण दुसरी कोणती? शिळांमागच्या कडा दिसत नाहीत, आणि घरच्यांनी संमती दिल्याशिवाय मंडळ खण उघडू देत नाही. साऱ्या घरांकडे संमती मागत फिरलं तर ज्याने हे केलं तो सावध होणार. अनातोलने ठरवलं, भिंतीऐवजी माणसं बघायची.

दुसऱ्या दिवशी तो भिंतीसमोरच्या बाकावर जाऊन बसला. टीनचे चाहते येत, उघड्या खणात डोकावून हळहळत आणि फुलं ठेवून जात. दुपार कलली तेव्हा एव्हरिस्त आला. त्याने खुर्ची उघडली ती शेजारच्या, उजवीकडच्या खणापुढे. शिळेवर नाव होतं त्याच्या आईचं. वरवर पाहता म्हातारा आईची सेवा करत होता, आणि येणारे जाणारे त्याला टोपी उचलून मान देत होते.

अनातोलही उचलणार होता. मग त्याला आठवलं, या आईने घरच्या पियानोला कुलूप लावून पोराला घराबाहेर काढलं होतं, आणि पोरगा तिच्या दफनालाही आला नव्हता. ही गोष्ट त्रेमेत सगळ्यांना ठाऊक होती. इतक्या वर्षांनी प्रेम उफाळून आलं? येतंही माणसाला. म्हातारपणी काहीही येतं.

एव्हरिस्तचे हात गुडघ्यांवर होते. बोटं हलायला लागली. आधी दोन्ही हात, सावकाश, सुरुवातीचा तुकडा असावा तसे. मग डावा नुसता ठेका धरून राहिला आणि उजवा गुडघ्यापासून थोडा वर उचलला गेला आणि तसाच थांबला. थांबून राहिला. म्हाताऱ्याने मान किंचित वर केली होती. बऱ्याच वेळाने उजवा हात पुन्हा उतरला, पण फार हळू, कोणाचं तरी ऐकत ऐकत, मध्ये मध्ये वाट करून देत.

जिने पियानोला कुलूप लावलं तिच्यासाठी कोणी जागा सोडून थांबत नाही. अनातोलला रूफसचे शब्द आठवले आणि तो बाकावरून उठला. ती तिथे होती, हातभर अंतरावर, आणि तो तिला साथ करत होता.

५

"आज उशिरा आली का रे?" अनातोलने जवळ जाऊन विचारलं.

एव्हरिस्तची बोटं थबकली. त्याने मान वळवली नाही.

"पोलीस आणलेस?"

"नाही. ज्या बाईला झोप लागत नाही तिचा निरोप आणलाय. या खणाच्या संमतीवर सही देतोस?"

"माझी आई आहे तिथे."

"तुझी आई शेजारी आहे. तिला आपण सगळ्यांनी बँडसकट जागं केलं परवा."

म्हातारा हसला, मग खोकला, आणि खोकला थांबेपर्यंत अनातोलने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"शिकागोला नेणार होते," एव्हरिस्त म्हणाला. "तिथे ती कोणाला ओळखते? थंडीत तिचे गुडघे दुखायचे."

"मेलेल्यांचे गुडघे दुखत नाहीत."

"तुला काय माहीत?" तो चिडून म्हणाला. "तीस वर्षं मी तिच्या मागे बसलो. तोंड लोकांकडे, पाठ माझ्याकडे. जगाला तिचा चेहरा ठाऊक आहे, मला तिची पाठ. डावा खांदा वर गेला की तिने श्वास घेतला. मान कलली की आता दुसरंच काहीतरी गाणार. एकदाही चुकलो नाही मी."

"तिला कधी बोलला नाहीस?"

"मध्ये पियानो होता," एव्हरिस्त म्हणाला.

अनातोल बाकावर बसला. एव्हरिस्तने मग सगळंच सांगून टाकलं. ओझेम झाडाखाली जेवत होता तेव्हा त्याने शेजारशेजारच्या दोन शिळा जमिनीवरूनच सरकवून बदलल्या होत्या. डॉक्टरांनी त्याला फार दिवस दिले नव्हते. तो गेला की मंडळ शिळेवरचं नाव वाचून लाबातांचा खण उघडणार, जुनी पेटी बाजूला सारणार आणि त्याला आत, टीनशेजारी, ठेवणार.

"ओझेमला कळलं असतं, पेटी तुझ्या आईच्या काळची नाही ते."

"ओझेम तोंड उघडतो ते जेवायला." मग त्याने अनातोलकडे पाहिलं. "राहू दे ना रे. मी कोणाचं काय नेलंय? जिवंतपणी मला तिच्याशेजारची खुर्चीही मिळाली नाही."

अनातोलला फार वाटलं, उठावं आणि टोमॅटोंना पाणी घालायला जावं. दोन ओळी पलीकडे बर्नादेत होती. तिला कोणी शिकागोला न्यायला निघालं असतं तर त्याने शिळाच काय, अख्खी भिंत हलवली असती.

"खण रिकामा निघाल्यापासून फिलोमेन रडते आहे," तो म्हणाला.

"ती? तिने तर टीनला तापात दारातून घालवलं."

"म्हणूनच रडते. तिची बहीण एकदा दुरावलीच होती, तू ती दुसऱ्यांदा दूर केलीस, एव्हरिस्त. मी सांगू का तू सांगशील?"

एव्हरिस्तने खुर्ची मिटली. ती मिटायला त्याला वेळ लागला.

"मी सांगतो," तो म्हणाला. "पण तू बरोबर चल."

६

ओझेमने लाबातांच्या नावाची शिळा उतरवली. मागे खालच्या कडेचा टवका उडालेला होता. वरच्या ओळीतल्या काही विटा त्याने सहज काढल्या, आणि आतल्या अंधारात पितळी कडं दिसलं.

फिलोमेनने हातमोजा काढला, हात आत घातला आणि ते कडं धरलं. लुसियँ पुढे होऊ लागला तसं अनातोलने त्याला दंडाला धरून मागे ठेवलं. बऱ्याच वेळाने तिने हात बाहेर काढला आणि धुळीसकट तो हातमोजा चढवला.

"लुसियँ, माझी सही मला परत दे. टीन कुठे जाणार नाही."

"आत्या, सभागृह तयार होतंय. लोक—"

"तुझ्याकडे रेकॉर्डी आहेत ना सगळ्या? त्या लाव तिथे. आणि इथे येत जा अधूनमधून. मी राजमा करते."

लुसियँने एव्हरिस्तकडे रागाने पाहिलं, मग खणाकडे. अखेरीस त्याने मान हलवली आणि रुमाल काढला.

एव्हरिस्त टोपी हातात धरून उभा होता. जे बोलायचं ते त्याने फिलोमेनच्या दारात उभं राहून, एका दमात, बोलून टाकलं होतं. तिने तेव्हा त्याला आत बोलावलं नव्हतं आणि शिवीही दिली नव्हती. आता ती त्याच्याकडे वळली.

"शिळा जिची तिच्यावर जाणार."

"हो, मिस फिलोमेन."

"आणि या खणात तिच्यानंतर मी. मंडळाला मी आजच कळवलं आहे. लहानपणी एका पलंगावर झोपायचो आम्ही. लाथा मारायची फार. पंचवीस वर्षांचं भांडण आहे आमचं, ते मिटायला सोबत पडून राहायला लागेल."

"हो," एव्हरिस्त म्हणाला. त्याचा चेहरा पडला. त्याने खूप जपलेलं असं एकच काही होतं, टीनशेजारची ती जागा, आणि ते तिने घेतलं होतं. ज्याचं होतं त्याने घेतलं, एवढंच.

"तुला तुझं घर आहे. शेजारी. आईचं."

"ती मला घरात घेणार नाही हो. तिने पियानोला कुलूप लावलं होतं. मी तिच्या दफनालाही नव्हतो."

"मला तरी टीन घेईल कशावरून?" फिलोमेनचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "ती दारात उभी होती, एव्हरिस्त. ताप होता तिला. एक रात्र मागत होती."

ओझेमने चुन्याच्या बादलीत उगाच थापी फिरवली.

फिलोमेनने डोळे पुसले आणि दोन्ही खणांच्या मधल्या भिंतीवर तळवा ठेवला.

"ही एकाच विटेची आहे," ती म्हणाली. "तिने मला घेतलं नाही आणि तुझ्या आईने तुला, तर तू तिकडून वाजव. मी ऐकेन. आणि तिने घेतलं, तर मग आम्ही दोघी ऐकू."

एव्हरिस्तने मान हलवली. मग त्यानेही त्या भिंतीवर तळवा ठेवला. अनातोलने ओझेमला विटा लावायला सांगितलं.